एक सरळ रस्ता, त्यावर तीन एअरपोर्ट, आणि त्यातले दोन एकाच वर्षी बुडाले : इटलीतल्या फोर्लीची गोष्ट

मागच्या उन्हाळ्यात पोलंडला नोकरी करणाऱ्या आमच्या मावसभावाने फॅमिली ग्रुपवर एक स्क्रीनशॉट टाकला. इटलीचं विमानाचं तिकीट, किंमत पुणे-मुंबई टॅक्सीपेक्षा कमी, आणि खाली प्रश्न, "दादा हे फोर्ली कुठंय? आणि तिथं एअरपोर्ट कशाला काढलंय?" मी दोन वर्षं बोलोन्यात शिकायला होतो म्हणून घरात इटलीचं काहीही निघालं, अगदी पास्ता चिकट का झाला इथपर्यंत, की प्रश्न माझ्याकडेच येतात. तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत दिलं. दुसऱ्याचं उत्तर टाइप करायला बसलो आणि लक्षात आलं की हे ग्रुपवर मावणार नाही, कारण या एका छोट्या एअरपोर्टच्या गोष्टीत सगळ्याच छोट्या एअरपोर्टांचं दुखणं आहे. फीत कापतात, मिठाई वाटतात, दोन वर्षांनी विमानं गायब. हे नेमकं का होतं ते बघू.

आधी नकाशा डोळ्यांपुढे आणा

उत्तर इटलीत एमिलिया-रोमान्या नावाचं राज्य आहे. त्यातून रोमन लोकांनी इसवी सनापूर्वी १८७ मध्ये एक रस्ता काढला, फूटपट्टी ठेवून रेघ मारावी इतका सरळ, आणि आजही बहुतेक मोठी गावं त्याच रेघेवर मण्यांसारखी ओवलेली आहेत. बोलोन्या, मग फोर्ली, मग समुद्रकिनाऱ्यावर रिमिनी. रेल्वेही त्याच रेघेवर, मोटरवेही जवळजवळ तिथूनच. बोलोन्याहून फोर्ली साधारण ६५-७० किलोमीटर, तिथून पुढे रिमिनी ५० च्या आसपास. लोकल ट्रेनमध्ये बसलात तर एक डुलकी काढेपर्यंत फोर्ली येतं, मी तर एकदा डुलकीच्या नादात फोर्ली सोडून थेट रिमिनीला उतरलोय.

आणि या तिन्ही गावांना आपापलं एअरपोर्ट आहे. याच राज्यात पलीकडच्या टोकाला पार्मा आहे, त्यालाही आहे. फोर्लीची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आतबाहेर, म्हणजे आपल्याकडचं एक बरं तालुक्याचं गाव.

मग इथं एअरपोर्ट आलंच कसं

कारण मुसोलिनी. तो जन्मला प्रेडाप्पिओत, आणि प्रेडाप्पिओ म्हणजे फोर्लीच्या शेजारचं गाव. हुकूमशहाच्या गावाकडं रस्ते आधी होतात हे जगभर सारखंच, इथं रस्त्यांसोबत विमानंही आली. १९३६ मध्ये फोर्लीचं विमानतळ सुरू झालं. प्रेडाप्पिओजवळच्या डोंगरात काप्रोनी कंपनीचा विमानांचा कारखाना आला, त्याचे बोगदे अजून आहेत आणि आता त्यात बोलोन्या विद्यापीठाची हवेच्या प्रवाहाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा चालते. गावात मुलांना वैमानिकी शिकवणारं एक निवासी विद्यालय बांधलं, आतल्या भिंतींवर मानवाच्या उड्डाणाचा इतिहास सांगणारी मोझेइक, आणि दारात पुतळा कुणाचा, तर इकारसचा! मेणाचे पंख लावून सूर्याच्या फार जवळ गेला आणि पडला, तो ग्रीक गोष्टीतला पोरगा. उड्डाण शिकवणाऱ्या शाळेच्या दारात हा पुतळा उभा करायचं कुणाला सुचलं असेल देव जाणे, पण पुढे या गावाच्या एअरपोर्टचं जे झालं ते बघता पुतळ्याने आधीच सांगून ठेवलं होतं म्हणायचं.

नोव्हेंबर १९४४ मध्ये दोस्त सैन्याने फोर्ली घेतलं आणि हीच धावपट्टी मग त्यांची विमानं वापरू लागली. इथं आपल्या लोकांचा खरा संबंध येतो. या भागात लढलेल्या फौजेत भारतीय पलटणी होत्या, त्यातल्या पडलेल्या जवानांचं युद्धस्मशान आजही फोर्लीत आहे. जवळूनच सेनिओ नावाची नदी वाहते. ९ एप्रिल १९४५ ला तिच्या काठावर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव, आपल्या नगर जिल्ह्यातले, यांनी जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून बाहेर आणलं, मग एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या चौक्या गप्प केल्या, आणि व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश फौजेतलं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळवलं. नदी म्हणाल तर आपल्याकडच्या ओढ्याएवढी. पण दोन्ही बाजूंना बांध इतके उंच की पलीकडचं काही दिसत नाही. मी उभा राहिलोय तिथं, म्हणून सांगतोय.

असो. म्हणजे हे एअरपोर्ट प्रवाशांच्या गरजेतून जन्मलं नाही. आधी धावपट्टी आली, तिचं करायचं काय हा प्रश्न नंतर आला. इटलीतल्या बऱ्याच छोट्या एअरपोर्टांची जन्मकथा अशीच आहे, लष्कराने बांधलेली पट्टी पडून आहे तर विमानं उतरवू.

एअरपोर्टचा धंदा साखर कारखान्यासारखा असतो

आता मुद्द्याची गोष्ट. साखर कारखान्याचं गणित आपल्याकडं पोरासोरांना माहीत असतं. ऊस आला काय न आला काय, बॉयलर, कामगार, कर्जाचं व्याज चालूच. गाळप क्षमतेएवढं झालं तर ठीक, नाहीतर हंगाम तोट्यात.

एअरपोर्ट तसंच. दिवसाला एक विमान येवो की वीस, धावपट्टी तेवढीच झाडायची, दिवे तेवढेच लावायचे, कुंपणाची गस्त तेवढीच, बॅगा तपासायच्या मशीनवर माणसं तेवढीच. सगळ्यात मजेशीर भाग अग्निशमनाचा. आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की धावपट्टीवर कुठंही काही झालं तर तीन मिनिटांच्या आत बंब पोचला पाहिजे, आणि बंब किती व किती मोठे हे प्रवासी किती यावर नाही, तिथं उतरणारं विमान केवढं लांब-रुंद आहे त्यावर जास्त ठरतं. म्हणजे दिवसाला एकच बोइंग येणार असेल तरी त्या एकासाठी बंब आणि गडी तयार ठेवायचेच, ते विमान गेलं की मग ते आपले बंब पुसत बसणार.

समजा (हे आकडे माझे, फक्त कळण्यापुरते) एअरपोर्टचा असा न टळणारा खर्च वर्षाला ४० लाख युरो आहे. विमानात सरासरी १५० माणसं, आणि निघणाऱ्या प्रत्येक माणसामागे एअरपोर्टला फी, पार्किंग, कॉफी-सँडविच सगळं धरून १० युरो सुटतात. रोज एक विमान सुटलं तर वर्षाला साडेपाच लाख युरो. म्हणजे नुसतं ना नफा ना तोटा करायला रोज सात-आठ विमानं हवीत, वर्षभर, पावसात थंडीत सगळ्या दिवसांत. एअरपोर्टवाले येणारा आणि जाणारा दोन्ही मोजतात, तर त्या हिशोबाने वर्षाला आठ लाखांच्या आसपास प्रवासी.

युरोपियन युनियननेही स्वतःच्या अभ्यासातून असेच टप्पे केलेत. २०१४ च्या त्यांच्या नियमावलीत म्हटलंय की वर्षाला २ लाखांपर्यंत प्रवासी असलेल्या एअरपोर्टला रोजचा बहुतेक खर्च स्वतःच्या कमाईतून भागवणं जमेलच असं नाही, ७ लाखांपर्यंतही त्यातला बराच भाग निघणं अवघड, आणि ३० लाखांच्या वर गेलं की रोजचा धंदा सहसा नफ्यात येतो. फोर्ली आपल्या सगळ्यात चांगल्या काळात, २००७ च्या सुमारास, सात लाखांच्या आसपास घुटमळत होतं.

"बोलोन्या" म्हणून विकलेलं फोर्ली

ते सात लाख तरी आले कुठून? तर रायनएअर. स्वस्त विमानकंपन्यांची ही जुनी चाल, मोठ्या शहराच्या मोठ्या एअरपोर्टवर जायचं नाही, तिथं फी जास्त, गर्दी जास्त. जवळच्या रिकाम्या एअरपोर्टवर उतरायचं आणि नाव मात्र मोठ्या शहराचं लावायचं. तिकिटावर "बोलोन्या", पुढे बारीक "फोर्ली". उतरलं की बसने तासभर. बसवाल्याचं बरं, एअरपोर्टचं बरं, प्रवाशाला तिकीट स्वस्त पडलं म्हणून तोही खूश.

त्यात २००४ मध्ये बोलोन्याची धावपट्टी लांब करायला काही आठवडे ते एअरपोर्ट बंद ठेवलं, आणि तिथली विमानं फोर्लीकडे वळली. शेजारच्या घरचं लग्न अचानक आपल्या अंगणात झाल्यासारखं. फोर्लीकरांना वाटलं असणार, आता आपले दिवस आले.

पण नीट बघा, फोर्ली विकत काय होतं? फोर्ली नाहीच, बोलोन्या विकत होतं. माल दुसऱ्याचा, दुकान आपलं. २००८ मध्ये बोलोन्याने रायनएअरला स्वतःचंच दार उघडलं आणि रायनएअर उठून तिकडं गेली. का नाही जाणार? एअरपोर्ट जागचं हलत नाही, विमान हलतं. या धंद्यातली सगळी वाटाघाट या एका गोष्टीवर फिरते. विमानकंपनीला पुढच्या हंगामाचं वेळापत्रक बदललं की झालं, एअरपोर्टकडे मात्र तीच अडीच किलोमीटरची पट्टी आणि तेच बंब.

बोलोन्याचं पुढे उत्तमच चाललं. २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, २०२० मध्ये स्टेशनवरून थेट एअरपोर्टला नेणारी मोनोरेल सुरू झाली, सात मिनिटांत दारात, आणि २०२४ मध्ये प्रवासी एक कोटीच्या वर.

मग सुरू झाली पळवापळवी

इथं पुन्हा कारखानाच आठवतो. ऊस कमी पडला की शेजारच्या कारखान्याच्या हद्दीतला ऊस चार पैसे जास्त देऊन पळवायचा. आपल्याकडं निदान दोन कारखान्यांत हवाई अंतराची अट असते. इथं खुद्द हवेतल्याच धंद्याला ती नव्हती.

एअरपोर्ट विमानकंपनीला पैसे देतं हे बऱ्याच लोकांना ऐकून धक्का बसतो. आपल्याला वाटतं कंपनी एअरपोर्टला भाडं देते. देते, पण छोट्या ठिकाणी उलटी गंगाही वाहते. याला को-मार्केटिंग म्हणतात. कागदावर असं की विमानकंपनी आपल्या वेबसाइटवर तुमच्या गावाची जाहिरात करणार, "या, आमचा समुद्रकिनारा बघा", आणि त्याचे पैसे एअरपोर्ट, नगरपालिका नाहीतर पर्यटन खातं देणार. जाहिरात होते थोडीफार, नाही असं नाही. पण सगळ्यांना माहीत असतं की हे पैसे विमान इथंच उतरवण्याचे आहेत.

रायनएअर गेल्यावर फोर्लीची मदार राहिली विंड जेट नावाच्या सिसिलीच्या कंपनीवर. २०११ मध्ये ती कंपनी फोर्ली सोडून ५० किलोमीटरवरच्या रिमिनीला गेली. फोर्लीने मग विझ एअर ही दुसरी स्वस्त कंपनी आणली. म्हणजे हिशोब बघा, प्रवासी त्याच भागातले, तेवढेच, फक्त या ताटातले त्या ताटात, आणि दोन्हीकडच्या एअरपोर्ट कंपन्यांत मोठा वाटा नगरपालिका, प्रांत अशा सरकारी संस्थांचा, म्हणजे शेवटी त्याच लोकांचा कर. ऑगस्ट २०१२ मध्ये, ऐन सुट्ट्यांच्या गर्दीत, खुद्द विंड जेटच बंद पडली. हजारो लोक तिकिटं हातात घेऊन एअरपोर्टवर उभे.

२०१३ च्या मार्चअखेर फोर्लीचं एअरपोर्ट बंद झालं, चालवणारी कंपनी दिवाळखोरीत. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिमिनीची कंपनीही कोर्टाने दिवाळखोर ठरवली! ज्याने ऊस पळवला तोही बुडाला. रिमिनीचं एअरपोर्ट पुढे नोव्हेंबर २०१४ ते मार्च २०१५ पूर्ण बंद राहिलं, मग नव्या खासगी कंपनीने उघडलं. विझ एअर कुठं गेली? बोलोन्याला.

एकत्र का नाही आले?

हा प्रश्न कुणालाही पडेल. दोन्ही मिळून एक कंपनी काढायची, बंब एकच, धावपट्टी एकच, संपला विषय. बोलणी झाली, पुन्हा पुन्हा झाली. पण इटलीत एक शब्द आहे, कांपानिलिझ्मो. कांपानिले म्हणजे चर्चचा घंटेचा मनोरा, आणि कांपानिलिझ्मो म्हणजे आमच्याच गावचा मनोरा उंच. आपल्याकडं दोन गावांत पालखी आधी कुणाच्या दारात थांबणार यावरून जे होतं तेच. रिमिनीकर म्हणणार समुद्र आमच्याकडं, हॉटेलं आमच्याकडं, टुरिस्ट आमच्याकडं येतात, मग एअरपोर्ट फोर्लीचं कशाला ठेवू? फोर्लीकर म्हणणार विमानविद्येची परंपरा आमची. दोघंही आपापल्या जागी बरोबर, म्हणूनच तर मिटत नाही. आणि महापौराला स्वतःच्या गावचं एअरपोर्ट बंद करून निवडून येता येत नाही, हे कारण कुणी कागदावर लिहीत नाही पण सगळ्यात मोठं तेच असावं असं माझं मत.

म्हणजे सगळा दोष स्वस्त विमानकंपन्यांचा?

नाही हो. मला तरी तसं वाटत नाही. बेर्गामो बघा. तेही एक छोटं, मिलानपासून ५० किलोमीटरवरचं एअरपोर्ट, तेही आधी लष्करी, तिथंही रायनएअरच आली आणि "मिलान" म्हणूनच विकलं गेलं. आज ते इटलीतल्या सगळ्यात मोठ्या एअरपोर्टांत मोडतं, वर्षाला दीड कोटीहून जास्त प्रवासी. फरक एवढाच की बेर्गामोच्या अवतीभोवती लोम्बार्दीचा दाट, पैसेवाला, कारखान्यांनी भरलेला मुलूख आहे, रायनएअर नसती तरी लोक होतेच. फोर्लीच्या अवतीभोवती द्राक्षं, पीच, कोंबड्यांचे फार्म, आणि दोन्ही बाजूंना एकेक एअरपोर्ट. विमानकंपनी आग लावून देते, पण सरपण गावाचंच लागतं.

सरकारने पैसे घातले तर बिघडतं कुठं?

घालायला मोकळीक नाही, हा पुढचा घोळ. युरोपात नियम असा की सरकारी पैशाने एका धंद्याला शेजाऱ्यावर कुरघोडी करू द्यायची नाही. कसोटी साधी आहे. सरकारच्या जागी एखादा हिशेबी शेठ असता तर त्याने हे पैसे घातले असते का? घातले असते तर ठीक, नसते तर ती मदत झाली, आणि मदतीला युरोपियन कमिशनची परवानगी लागते. बेल्जियममधल्या शार्लरॉय एअरपोर्टने रायनएअरला दिलेल्या सवलतींवरून २००४ मध्ये कमिशनने आक्षेप घेतला, २००८ मध्ये कोर्टाने तो निर्णय रद्द केला, आणि तेव्हापासून युरोपभर वकिलांची चांदी आहे. २०१४ च्या नियमावलीने छोट्या एअरपोर्टांना रोजच्या तोट्यासाठी दहा वर्षं मदत घ्यायची मुभा दिली, तेवढ्यात पायावर उभे राहा म्हणून. दहा वर्षं संपली, अगदी छोटे उभे राहिलेच नाहीत, त्यांना मुदत वाढवून दिली.

मग आता नवी युक्ती निघालीय, टॅक्स काढून टाकायची. इटलीत बहुतेक ठिकाणी विमानात बसणाऱ्या माणसाकडून साधारण साडेसहा युरो घेतात. नाव "नगरपालिका अधिभार", पण त्यातला मोठा वाटा रोममधल्या पेन्शन संस्थेकडं जातो, नगरपालिकेला चिल्लर. ३० युरोच्या तिकिटात साडेसहा म्हणजे फार झाले. कालाब्रिया राज्याने ऑगस्ट २०२४ पासून हा भार प्रवाशावरून काढून स्वतःच्या तिजोरीवर घेतला आणि रायनएअरने लगेच तिथली विमानं वाढवली. गंमत अशी की ही सवलत एका कंपनीला नाही, सगळ्यांना आहे, त्यामुळे नियमात बसवणं सोपं जातं. पण सगळ्या राज्यांनी काढला की कुणालाच फायदा उरणार नाही, हेही उघड आहे.

मग फोर्ली परत उघडलंच का

मलाही आधी हा वेडेपणाच वाटला होता. २०१४ मध्ये एकदा प्रयत्न फसला. मग २०१८ मध्ये तिथल्याच काही उद्योजकांनी कंपनी काढून सरकारकडून एअरपोर्ट चालवायला घेतलं, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये, करोनाची दुसरी लाट येत असताना, उघडलं. मुहूर्त कुणी काढला विचारू नका. २०२१ मध्ये विमानं सुरू झाली, एगो एअरवेज नावाच्या एका नव्या कोऱ्या कंपनीने तिथंच बस्तान मांडलं आणि ती कंपनी लवकरच गुंडाळली. पुढे मोजक्या मार्गांवर रायनएअरही दिसू लागली. जुने सात लाख मात्र अजून दूर आहेत.

पण एक गोष्ट मला उशिरा कळली. फोर्लीत विमानं कमी असली तरी विमानविद्या कमी नाहीये. इटलीचे एअर ट्रॅफिक कंट्रोलर जिथं शिकतात ती अकादमी फोर्लीत आहे. बोलोन्या विद्यापीठाचा एरोस्पेस इंजिनिअरिंगचा विभाग फोर्लीत आहे. या सगळ्यांना चालती धावपट्टी शेजारी असली तर बरं पडतं, आणि या फायद्याचा आकडा एअरपोर्टच्या ताळेबंदात कधी दिसत नाही. बाकी तोटा-नफा खासगी मालकांचा असेल तोवर मी कोण बोलणारा. सरकारी तिजोरीकडं पुन्हा हात पसरला तर मात्र प्रश्न विचारायला हवेत.

हे सगळं मावसभावाला फोनवर सांगितलं, पाऊण तास. त्याने मध्ये मध्ये हं हं केलं. शेवटी विचारलं, मग काढलंस का फोर्लीचं तिकीट? तर म्हणाला, "नाही रे दादा, बोलोन्याचं काढलं कालच. चार युरो महाग होतं पण तिथं मोनोरेल आहे ना."